अण्णांचं बेसिन : न्हाणीघराच्या दुरुस्तीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

सांगलीच्या गावभागातल्या घराचं खालचं न्हाणीघर अखेर हातात घेतलं. २०१९ च्या पुरापासून ‘बघू, करू’ चाललं होतं. दादाचा पुण्याहून फोन, की सगळं उपस, नवं बसव, दीड-दोन हजारात बेसिन येतं, उगाच जुन्याच्या मागे लागू नकोस. आत्या शेजारीच बसली होती. तिने फोनकडे न बघता सांगितलं, “बेसिनला हात लावाल तर आधी मला विचारायचं.” आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे आणि घर तिच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९६४ साली बांधलं. तेव्हा विचारणं आलंच.

आहे ते असं. चिनीमातीचं बेसिन, २२ बाय १६ इंची, बिडाच्या दोन ब्रॅकेटवर टेकवलेलं. मागच्या संडासात ओरिसा पॅन, म्हणजे उकिडवं बसायचं भांडं, वर साखळीची बिडाची टाकी, साखळीच्या टोकाला चिनीमातीची मूठ. मोरीशेजारी भिंतीत पुरलेली साबणदाणी. सगळं पिवळट, तळाशी तपकिरी. बेसिनच्या पुढच्या काठाला जुन्या आठ आण्याएवढा टवका.

बेसिनखाली आडवी होऊन टॉर्च मारला. धुळीखाली शिक्का निघाला, ‘हिंदुस्तान ट्विफर्ड्स’. ही कंपनी १९६० साली इंग्लंडच्या ट्विफर्ड्सच्या सहकार्याने निघाली, कारखाना बहादूरगडला. तेव्हा ते पंजाबात होतं, हरियाणा अजून झाला नव्हता. म्हणजे आमचं बेसिन त्यांच्या अगदी सुरुवातीच्या मालातलं. अण्णांनी ते मुंबईहून रेल्वेने मिरजेपर्यंत आणि तिथून टांग्याने आणलं, असं आत्या सांगते. पेंढ्यात गुंडाळलेलं होतं म्हणे.

१४ जानेवारी

संक्रांत. काम बंद. तीळगूळ खाऊन बेसिनचे फोटो काढले, पुढे तुलनेला उपयोगी पडतील.

१८ जानेवारी, शनिवार

बेसिन उतरवलं. तात्या आले होते. तात्या म्हणजे आमचे जुने प्लंबर, वय सत्तरीच्या पुढे, आता फक्त ओळखीच्या घरी येतात. खालच्या पितळी कपलिंगचा, म्हणजे पाणी जायच्या भोकात बसवलेल्या नळीचा, नट हिरवा पडून जाग्यावर बसलेला. शुक्रवारी रात्रीच त्यावर रॉकेलची चिंधी गुंडाळून ठेवली होती. तात्यांनी एकदा पाना लावला, हलका जोर दिला आणि काढून घेतला. म्हणाले, “ताई, ह्यो नट मेलाय. आता जोर लावला तर नट न्हाई फिरायचा, बेसिन फुटंल.”

मग करवतीचं पातं हातात धरून नटाला आडवा छेद द्यायचा ठरला. पाऊण तास लागला. पातं कपलिंगपर्यंत जाऊ द्यायचं, चिनीमातीला लागू द्यायचं नाही. शेवटचा दोरा कापला जाताना तात्यांनी बेसिनखाली मांडी लावली आणि नट टुणकन् फुटून मोरीत पडला. आतल्या बाजूला सांधा बुजवायचा ताग आणि सफेदा, साठ वर्षांपूर्वीचा, दगड झालेला. कपलिंग गेलं, बेसिन राहिलं. सौदा चांगला.

ओरिसा पॅन काढायचं नाही. तात्यांचंही तेच मत. कोब्यात पुरलेलं चिनीमातीचं भांडं छिन्नी-हातोड्याने अखंड निघणं म्हणजे लॉटरी. ते जागेवरच साफ करायचं. आत्याचे गुडघे बघता पलीकडे नवा कमोड बसणारच आहे, त्यात भावनेला जागा नाही.

१९ जानेवारी, रविवार

बेसिन अंगणात, पोत्यावर पालथं. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे काठाखालच्या जादा पाणी जायच्या, भोकात पाण्याची नळी घातली आणि पाणी सोडलं. आधी काहीच नाही. मग खालून काळसर, गुळगुळीत गाळ, पेस्ट दाबल्यासारखा, बोटभर जाडीचा, न तुटता. फरशीवर पडला आणि वास आला. हा वास सांगलीत कुणालाही सांगावा लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. आमच्याकडे पाणी दारातून आलंच नाही आधी. ते संडासाच्या पॅनमधून आलं. रात्री आत्याने गुडगुड आवाज ऐकला, दिवा लावला तर पॅन काठोकाठ. दारात पाणी पोचायला अजून काही तास होते. नंतर बेसिनच्या वर वीतभर पाणी चार दिवस उभं होतं, भिंतीवरची रेघ अजून दिसते. घर धुतलं, फरशी धुतली, बेसिन बाहेरून घासलं. ओव्हरफ्लोच्या पोकळीत कृष्णा तेवढी राहून गेली. पाच वर्षं आम्ही त्यात चुळा भरतोय.

नोंद: ड्रेनेजच्या चेंबरच्या अलीकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप) बसवणे. बेसिनआधी हे.

२२ जानेवारी, बुधवार

क्षार काढायला सुरुवात. बोअरचं पाणी जड आहे, नळाखाली बरोबर धार पडते तिथे अंगठ्याएवढा चुनखडीचा थर. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं, लिटरभर गरम पाण्यात १०० ग्रॅम. जुन्या धोतराच्या घड्या त्यात भिजवून थरावर थापल्या, वरून प्लॅस्टिक. कान लावला की बारीक सुरसुर ऐकू येते.

आत्याने बघितलं आणि विचारलं, ऍसिड का नाही टाकत? ती चाळीस वर्षं दर शनिवारी टाकत आली आहे. मी जरा तावातच बोलले. म्हटलं त्या ऍसिडनेच बेसिनची सगळी चकाकी गेली. आत्या गप्प बसली, हे तिचं काही पटलं नाही असं सांगणं असतं.

सकाळी कापड उचललं तर थर मऊ पडलेला. जुन्या एटीएम कार्डाने खरवडला. दोनदा अजून करावं लागेल.

२४ जानेवारी

घाई नडली. भिंतीतल्या साबणदाणीवर गंजाचे ओघळ होते, म्हटलं तिथे क्षार कमीच असतील, थेट ऑक्झॅलिक ऍसिडचं पाणी लावावं. लावलं. गंज थोडा गेला आणि त्याच्या जागी पांढरट साय धरली, नखाने निघेना. चूक माझीच. ऑक्झॅलिक ऍसिड कॅल्शियमला भेटलं की कॅल्शियम ऑक्झॅलेट होतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून क्रम बदलायचा नाही. आधी लिंबूसत्वाने क्षार पूर्ण काढायचा, भरपूर पाण्याने धुवायचं, मग गंजाकडे वळायचं. साबणदाणी अजून तशीच आहे, माझा पुरावा म्हणून.

२५ जानेवारी, शनिवार

क्षार गेला. आता बेसिनच्या डाव्या कोपऱ्यातला पिवळा पट्टा नीट दिसतो, हातभर लांब, भेगांच्या जाळीतून पसरलेला. ही जाळी म्हणजे वरच्या चकाकीच्या थराला गेलेले केसासारखे तडे. आतली माती आणि वरची काच एकाच मापाने फुगत-आकसत नाहीत, म्हणून वर्षानुवर्षांनी पडतात.

हा पट्टा आमच्या घरात प्रसिद्ध आहे. अण्णा हळदीचे अडत्ये. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या साठवणीच्या खड्ड्यांत, त्यांचा माल असे, सौद्याच्या दिवसांत घरी येत ते कोपरापर्यंत पिवळे होऊन, आणि हात धूत याच बेसिनमध्ये. डाग त्याचा. हे मी जन्मापासून ऐकत आले आहे. आत्या पाहुण्यांना दाखवते.

मला शंका आली. हळद उन्हात उडते, साडीवरचा डाग बायका उन्हात टाकूनच घालवतात, आणि या कोपऱ्यावर खिडकीतून रोज सकाळचं ऊन पडतं. आत्याच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी घेतली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे सगळ्यांनाच माहीत. एका फुटक्या टाइलवर ओली हळद चोळली, पुसली, डाग उरला, त्यावर चुना टेकवला. लगेच लाल. मग बेसिनच्या पट्ट्यावर तोच चुना, दहा मिनिटं.

काही नाही. पिवळा तो पिवळाच.

म्हणजे हळद नव्हे, लोखंड. बिडाच्या ब्रॅकेटचा म्हणावा तर तो खालून असतो. हा वरून आलेला, जुन्या लोखंडी पाइपातल्या पाण्याचा. आत्याला दाखवलं. तिने टाइलवरचा लाल ठिपका पाहिला, बेसिन पाहिलं. म्हणाली, “चुना शिळा असेल.”

“अगं, त्याच डबीतला आहे.”

“मग वरचा थर शिळा असेल.”

२६ जानेवारी, रविवार

चुना लावलेली जागा आधी व्हिनेगरने पुसली, नाहीतर परवाचीच साय धरायची. मग ऑक्झॅलिक ऍसिड. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. फर्निचर पॉलिशवाले लाकडाचे काळे डाग काढायला वापरतात, केमिकलच्या दुकानात सुटं मिळतं. विषारी आहे. हातमोजे घातले, अंगणातच केलं, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून ती माळ्यावर ठेवली, कारण घरात साखरेसारखी दिसणारी पांढरी पूड ठेवणं म्हणजे आमंत्रण आहे. उरलेलं द्रावण आणि ऍसिड किंवा ब्लीच कधी एकत्र करायचं नाही. खरं तर ब्लीच आणि कुठलंही ऍसिड कधीच एकत्र करायचं नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो. गंजावर ब्लीच टाकून उपयोगही नसतो, डाग उलट पक्का होतो.

पट्टा तासाभरात फिका पडला, दुपारपर्यंत गेला. भेगांत काही तपकिरी रेघा उरल्या.

आत्या झेंडावंदन टीव्हीवर बघत होती. बाहेर आली नाही.

२८ जानेवारी

उरलेल्या रेघांवर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. टिश्यू भिजवून पसरले, वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची झिल्ली, दोन दिवस तसंच. लोखंड आधी निघालेलं हवं, नाहीतर पेरॉक्साइड त्याच्यावरच फसफसून संपतं.

टवक्यावर शाईचा थेंब टाकून पाहिला. पाच मिनिटांनी ओल्या कापडाने पुसला, साफ निघाला. म्हणजे आतली माती पक्की भाजलेली आहे, अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिणारी. तशी नसती तर डाग भेगांपुरता न राहता आत सगळीकडे पसरला असता आणि मी हा उद्योग सोडून दिला असता.

२ फेब्रुवारी, रविवार

बेसिन पांढरं झालं. इतकं, की आता दुसरंच दिसायला लागलं. काठ आरशासारखे, पण भांड्याचा तळ मंद, दुधी. पेन्सिलची बाजू तळावर हलकी फिरवली आणि बोटाने पुसली. शिसं रेघांत अडकून राहिलं. असंख्य बारीक ओरखडे, सगळे गोल.

ऍसिड असं गोल फिरत नाही. पक्क्या भाजलेल्या चकाकीला हायड्रोक्लोरिक ऍसिड फारसं काही करतही नाही. ते खातं भोवतालचं सगळं, टाइलमधलं सिमेंट, पितळ, नळावरचा क्रोम, शहाबादी फरशी तर खातंच. आमच्या मोरीची काय अवस्था झाली ते दिसतंच आहे. पण चकाकीचा दोष मी उगाच त्याच्या माथी मारला.

आत्याला विचारलं, घासायची कशाने? आधी विटकरीची पूड, मग तारेची घासणी. “तुझ्या लग्नात तर मी स्वतः घासलं होतं, चार वेळा.” परवाच्या बोलण्याबद्दल तिला सॉरी म्हटलं. तिने ते घेतलं, आणि लगेच म्हणाली, “मग डागाचंही तुझं चुकलं असेल.”

५ फेब्रुवारी

एका माणसाला बोलावलं होतं, ‘जुन्या बेसिनला नवं ग्लेझ’ करून देणारा. स्प्रे दाखवला, दोन घटक मिसळून मारायचा. हा रंग आहे, ग्लेझ नाही. खरी चकाकी म्हणजे वितळलेली काच, बाराशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत मातीवर बसलेली. अंगणात बादलीशेजारी ती होत नसते. वर्षा-दोन वर्षांत नळाखालून पोपडे निघतील. चहा देऊन पाठवलं.

तळासाठी काच पॉलिश करायची सेरियम ऑक्साइडची पूड आणली. ड्रिलला नमद्याचं चाक, पूड पाण्यात कालवून, दोन संध्याकाळी. वरवरचे ओरखडे गेले, खोल राहिले. पेन्सिल अजून लागते, पण कमी. यापुढे जाऊ नये असं वाटतंय. साठ वर्षं रोज घासलेल्या भांड्याचा तळ जरा मंद असला तर असू दे.

९ फेब्रुवारी, रविवार

टवका. पितळी तांब्या पडून झालेला, कुणाच्या हातून यावर घरात एकमत नाही.

पहिला प्रयत्न फसला. पांढरं दोन घटकी इपॉक्सी भरलं, वाळल्यावर दिसलं की बेसिनचा पांढरा हा पांढरा नाहीच. तो किंचित निळसर-करडा आहे. माझा ठिगळ त्यात टूथपेस्टसारखा चमकत होता. गरम पाण्याच्या पिशवीने मऊ करून उकरून काढला.

दुसऱ्यांदा, मळतानाच काळ्या आणि निळ्या कोरड्या रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा कण. तीन नमुने केले, वाळू दिले, दिवसाउजेडात बेसिनशेजारी धरून मधला निवडला. टवक्याच्या कडा स्पिरिटने पुसून भरलं, काठाच्या पातळीपेक्षा केसभर वर. दोन दिवसांनी पाण्याचा पॉलिश पेपर, ४००, ८००, १२००, शेवटी २०००. भोवती तिहेरी चिकटपट्टी, कारण पॉलिश पेपरवरचं कार्बाइड चकाकीपेक्षा कठीण असतं. तरी एका जागी पट्टी सुटली आणि बोटभर ओरखडा मी नवा दिला. आता घरात माझंही योगदान आहे.

१६ फेब्रुवारी

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसला. चार इंची, चेंबरच्या आत, झडप वरून उघडता येईल असा, कारण त्यात कचरा अडकला की तो झाकत नाही आणि मग असून नसल्यासारखा. मृग लागायच्या आधी दरवर्षी उघडून बघायचा. दादाला फोटो पाठवला. या खर्चावर तो काही बोलला नाही, २०१९ ला आत्याला बोटीतून काढायला तोच आला होता.

पॅनभोवतीचा कोबा नवा केला. पॅनलाही तोच क्रम, लिंबूसत्व, मग ऑक्झॅलिक. चांगलं निघालं, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. बिडाची टाकी उतरवली, आतून खपल्या निघतात, पण घंटा शाबूत आहे. साखळी ओढली की घंटा उचलली जाते, सोडली की खाली पडते, तिच्या रेट्याने पाणी वर चढतं आणि मग सायफन सगळी टाकी ओढून नेतो. ती पावसाळ्यानंतर बघू. चिनीमातीची मूठ तेवढी धुऊन ठेवली आहे, तिला काहीच झालेलं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

बेसिन चढवलं. ब्रॅकेट घासून, झिंक प्रायमर, दोन हात रंग, वर रबराच्या पट्ट्या, म्हणजे बीड आणि चिनीमाती एकमेकांना लागणार नाहीत. काठ जमिनीपासून ३२ इंचांवर, जुन्याच खुणेवर. नवं पितळी कपलिंग, सव्वा इंची. खालीवर रबरी वायसर, आणि नट हाताने आवळून वर फक्त पाव फेरा. बेसिनं पाडूनच नव्हे, आवळूनही फुटतात.

भिंतीच्या सांध्यावरून तात्यांशी वाद. त्यांना व्हाइट सिमेंट हवं. माझं म्हणणं सिलिकॉन, उद्या पुन्हा काढायची वेळ आली तर पात्याने कापता येईल. “परत कशाला काढतासा? मी न्हाई येणार तवा,” तात्या म्हणाले. सिलिकॉन लावलं. लावताना मात्र त्यांचा अंगठा साबणाच्या पाण्यात बुडवून सांध्यावरून असा एका दमात फिरला, की माझ्या सगळ्या वाचनावर पाणी.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आत्याला हरिपूरला संगमेश्वराला नेऊन आणलं. येताना रिक्षात तिने बुजलेली पेवं कुठे होती ते दाखवलं. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. मला नुसती शेतं दिसली.

१ मार्च, शनिवार

पाणी सोडलं. ओव्हरफ्लोही भरून पाहिला, स्वच्छ निथळला. खाली बादली ठेवून रात्रभर वाट पाहिली, कोरडी. सफाईचा नवा नियम दारामागे लावला. मऊ स्पंज, भांड्याचा साबण, महिन्यातून एकदा लिंबूसत्व. तारेची घासणी आत्याने स्वतः टाकून दिली. ऍसिडची बाटली कुठे आहे ते ती सांगत नाही.

दुपारी शेजारच्या काकू बघायला आल्या. आत्याने त्यांना बेसिनपाशी नेलं, नळ सोडून दाखवला, शिक्का कुठे आहे तेही सांगितलं. मग डाव्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

“इथे अण्णांच्या हळदीचा डाग होता. हिने घालवला.”